सुकाणूची डावी तार

शनिवार, दुपार

प्रिय मास्तर,

एवढं लिहिण्याआधी तीन कागद फुकट गेले. पहिल्यावर सवयीने 'जावईबापू' लिहिलं आणि खोडलं, कारण ते आता खरं नाही. दुसऱ्यावर नुसतंच 'नमस्कार' लिहिलं, तर ते थकलेल्या बिलाच्या नोटिशीसारखं दिसायला लागलं. तिसऱ्यावर तुझं पूर्ण नाव लिहिलं आणि वाटलं, हा तर शाळेचा हजेरीपट झाला. मग म्हटलं, पाण्यात असताना ज्या नावाने हाक मारायचो तेच बरं. घरात पाच वर्षं तुला अहो-जाहो केलं, कारण जावयाला तसंच म्हणायचं असतं. पण होडी काठापासून वीस हात लांब गेली की तू मास्तर आणि मी अप्पा, आणि माझं सगळं अरे-तुरे. आता कागदोपत्री नातं मिटलंय, तर निदान जमिनीवरही 'तू' म्हणायची मोकळीक मिळाली, असं मी धरून चालतो. राग आला तर पत्र इथेच घडी घालून ठेव. मला कळणारही नाही.

मी बरा आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो तुझ्या वेळेपासूनच कुरकुरतोय. हिची तब्येत ठीक आहे, आवाज तर उत्तमच आहे. कन्या त्याच कानाच्या दवाखान्यात आहे. दिवसभर लोकांच्या कानाला यंत्र लावून कोणाला किती ऐकू येतं ते बघते. तिच्याबद्दल पुढे लिहीन. आधी होडीबद्दल लिहितो, कारण त्याशिवाय बाकीचं सांगता येणार नाही.

आपली कयाक दीड वर्ष मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन जुन्या टायरांवर पालथी पडून होती. तुझ्यानंतर मी तिला हात लावला नाही. दोन सीटची होडी, एकट्याने काय करायची? हिने तिच्यावर कपडे वाळत घालायला सुरुवात केली, तेव्हा वाटलं की आता विकलेली बरी. बेकरीवाल्याच्या कानावर घातलं. तो माणूस पहाटेपासून भट्टीसमोर असतो, त्याला पाण्याची भारी ओढ. लगेच आला. त्याने होडी उलटीपालटी करून पाहिली, मागच्या सीटवर बसून पेडलांवर पाय ठेवले आणि डावं पेडल सुळकन पार टोकापर्यंत गेलं. मागे सुकाणू जागचं हललं नाही. तो म्हणाला, "अप्पा, होडी छान आहे हो, पण वळणार कशी? सुकाणू नीट करून द्या, मग घेतो." त्याचं काही चुकलं नाही. डावी तार तुटल्याचं मी त्याला सांगितलंच नव्हतं. खरं म्हणजे मी स्वतःलाही विसरायला लावलं होतं.

ती कधी तुटली ते तुला आठवत असेल. तळ्याच्या मधोमध होतो. वारा डावीकडून येत होता. मी पुढे गळाला आमिष लावत बसलो होतो. मागून तू म्हणालास, "अप्पा, तुम्हाला एक सांगायचं होतं." आणि टक्कन आवाज झाला. होडीचं तोंड वाऱ्याकडे फिरलं आणि आपण दोघं वल्ही मारत, धापा टाकत कसेबसे काठाला लागलो. सामान उतरवताना मी विचारलं, काय सांगणार होतास? तू म्हणालास, "काही नाही, पुन्हा कधीतरी." मी पुन्हा विचारलं नाही. खरं सांगू, मला बरंच वाटलं. त्या दिवशी तुझा चेहरा उतरलेला होता. त्यामागे जे काही असेल ते ऐकावं लागलं नाही, म्हणून बरं वाटलं. पंधरा दिवसांनी कन्या दोन बॅगा घेऊन घरी आली.

तर दुरुस्ती. सुकाणू काढून टेबलावर घेतलं. प्लास्टिकचं पातं एका बाजूला वाकलेलं होतं, कारण होडी पालथी ठेवताना मी ते वर उचलून बांधलंच नव्हतं. ज्या खिळीवर ते फिरतं तिचं भोक झिजून लांबट झालं होतं, हाताने हलवलं तर लटलट करायचं. आणि तुटलेली तार बाहेर काढली तर कपाळाला हात लावला. पहिल्या मालकाने तिथे चक्क सायकलच्या ब्रेकची तार घातली होती! चौतीस वर्षं मी लिफ्टच्या दोरांवर काढली. कुठल्या इमारतीतला दोर कधी बदलायचा ते नुसतं बोट फिरवून सांगायचो. आणि स्वतःच्या होडीत ब्रेकची तार घेऊन दोन वर्षं वाऱ्यात फिरलो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. नळीतून बाहेर येऊन तार जिथे वळते, तिथे तिचा एकेक धागा तुटत गेला होता. शेवटचे दोन-तीन उरले असतील, ते त्या दिवशी गेले. दोर कधी एकदम तुटत नाही, बघणाऱ्याला आधीच दिसतं. हे मी हिला जेवताना सांगितलं आणि पुढे काही बोलणार, तोच ती म्हणाली, "आता मला दोरावरून संसार शिकवू नका, भात घ्या." त्यामुळे तुलाही शिकवत नाही.

विकायचीच आहे तर जेमतेम चालेल इतकं करावं, असं आधी मनात होतं. पण हातात पाना आला की मला अर्धवट काम जमत नाही, हे तुला माहीत आहे. होड्यांचं सामान विकणाऱ्या दुकानातून तारेऐवजी शिडाच्या होडीची दोरी आणली. बुटाच्या नाडीएवढी बारीक, पण ताणली तरी इंचभर वाढत नाही आणि गंजायचा प्रश्नच नाही. खिळीच्या झिजलेल्या भोकात पितळी बुश, म्हणजे छोटीशी नळी, बसवली. पातं दोन फळ्यांमध्ये दाबून, गरम पाणी ओतून सरळ केलं. आणि पेडलं सगळी बदलली. जुन्या पेडलांची खोड तुला आठवते ना? पाय दाबला की अख्खं पेडल रुळावरून पुढे सरकायचं, त्यामुळे वल्हं मारताना टाचेला आधारच नसायचा. तू दर वेळी म्हणायचास की हे निसरड्या जिन्यावर उभं राहण्यासारखं आहे. नव्यात टाचेखालचा भाग पक्का बसतो आणि फक्त चवड्याखालची पट्टी हलते, मोटारीच्या पेडलासारखी. पाय घट्ट रोवून जोर लावायचा आणि अंगठ्याने होडी वळवायची. असली पेडलं आधीपासून निघाली आहेत. आपणच कधी चौकशी केली नाही.

उजव्या बाजूची दोरी सहज गेली. जुन्या तारेला बांधली आणि नळीतून ओढून घेतली. डावीकडे तारच नाही, मग ओढायची कशाला बांधून? दोन तास काडीने ढोसत बसलो. शेवटी कन्या बाहेर आली. सुट्टीचा दिवस होता. आल्यापासून ती शेडकडे फिरकली नव्हती. थोडा वेळ उभी राहून तिने माझी फजिती पाहिली, मग आत जाऊन व्हॅक्यूम क्लीनर घेऊन आली. प्लास्टिकच्या पिशवीचा वाटाण्याएवढा बोळा केला, त्याला शिवणाचा दोरा बांधला, नळीच्या एका तोंडाशी धरला आणि दुसऱ्या तोंडाला मशीन लावलं. सुर्रकन दोरा पलीकडे! मी बघतच राहिलो. म्हटलं, हे तुला कुणी शिकवलं? ती म्हणाली, "त्याने. एकदा पडद्याची नाडी अशीच घातली होती." दीड वर्षात तिने पहिल्यांदा तुझा उल्लेख केला. मी दोऱ्याला दोरी बांधून ओढत राहिलो.

मग पेडलांचे रूळ. ते होडीच्या आतल्या भिंतीला बसतात. बाहेरून बोल्ट फिरवायचा आणि आतून नट धरायचा. आत हात घालायला मधलं ते गोल झाकण आहे, त्यातून माझा हात कोपराच्या पुढे जात नाही. ती म्हणाली, "सरका, मी धरते." गुडघ्यांवर बसली आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. गाल प्लास्टिकला टेकलेला, तोंड पलीकडे. मला फक्त तिचे केस आणि कान दिसत होते. एका बाजूला दोन बोल्ट, दुसऱ्या बाजूला दोन. पहिला बोल्ट नीट बसला. दुसरा फिरवत होतो तेव्हा ती त्याच स्थितीत, भिंतीशी बोलावं तसं म्हणाली, "बाबा, त्याने मला सोडलं नाही. मी त्याला सोडलं."

मी स्क्रू-ड्रायव्हर फिरवत राहिलो. थांबलो असतो तर तीही थांबली असती, हे कसं कोण जाणे मला कळलं. ती सांगत गेली. तू वर्षभर तिची समजूत घालत होतास. समुपदेशक बाईंकडे दर गुरुवारी तूच घेऊन जायचास. तुझ्यात काही खोट नव्हती. ती म्हणाली, "तो चांगला आहे, बाबा. तेच तर अवघड होतं. मारत असता, पीत असता, तर दोन वाक्यांत सांगून मोकळी झाले असते. चांगल्या माणसाबरोबर मन लागत नाही, हे कुणाला सांगू? तुम्हाला तर मुळीच नाही. तुम्ही आठवडाभर रविवारची वाट बघायचात." मग तिने दुसऱ्या बाजूला हात घातला आणि तिसऱ्या बोल्टाला बाकीचं सांगितलं. लोकांना काय सांगायचं असं तिने तुला विचारलं, तेव्हा तू म्हणालास, "तुला सोपं जाईल ते सांग. मी नाही म्हणणार नाही." तिने काहीच सांगितलं नाही. मग माझ्या बहिणीने, म्हणजे तिच्या आत्याने, रिकामी जागा भरून काढली. तुझ्या शाळेतल्या संगीताच्या बाईंचं नाव कुठून तरी पैदा केलं आणि तुझ्याशी जोडलं. ते नातेवाइकांत फिरलं, तुझ्यापर्यंतही पोचलं आणि तू खरंच नाही म्हणाला नाहीस. होडीत तू मला हे खरं सांगणार होतास, तेही आधी तिला विचारून. पण त्या सकाळी निघताना तिने तुला पुन्हा अडवलं होतं, आज नको म्हणून. तरीही तू तोंड उघडलंस, आणि तार तुटली.

चौथा बोल्ट बसायला फार वेळ लागला. तिचा हात आत घामाने निसरडा झाला होता. नट दोनदा होडीच्या पोटात पडला. शेवटी काम झालं तेव्हा तिने हात बाहेर काढला. खांद्यावर झाकणाच्या कडेचा लाल वळ उठला होता. ती तो चोळत बसली आणि म्हणाली, "दिवसभर लोकांना विचारते, ऐकू येतंय का? तुम्हाला सांगायला दीड वर्ष लागलं." मी म्हटलं, ऐकू आलं. मग तिच्या डोक्यावर हात ठेवला. हाताला ग्रीस होतं, ते केसांना लागलं आणि त्यावरून ती रडता रडता माझ्यावर ओरडली. ते एक बरं झालं.

संध्याकाळी मी हिला सांगायला गेलो, तर ही शांतपणे शेंगा सोलत होती. म्हणाली, "मला वर्षापासून ठाऊक आहे." मला का सांगितलं नाहीस, तर म्हणे, "तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही तर दारातच निकाल देऊन मोकळे झाला होता." आणि मग कळलं की तू आणि ही भाजीबाजारात तीनदा भेटलात. तिने तुझ्या खोकल्याची चौकशी केली आणि एकदा तू तिची पिशवी बसपर्यंत उचलून नेलीस. माझ्याच घरात मला सोडून सगळ्यांना सगळं माहीत! दोन दिवस मी हिच्याशी बोललो नाही. तिने ते लक्षातही आलं नाही असं दाखवलं.

गेल्या रविवारी होडी पाण्यात घातली. बेकरीवाल्याच्या टेम्पोतून तळ्यावर नेली. त्याला वाटत होतं की हे गिऱ्हाइकाला दाखवणं चाललंय. कन्या काठावर दगडावर बसली. मी पहिल्यांदाच मागच्या सीटवर बसलो. एकट्याने मागे बसलं की होडीचं नाक वर उठतं आणि वारा ते धरतो, म्हणून पुढच्या सीटवर, म्हणजे माझ्या जागेवर, वीस लिटरचा पाण्याचा कॅन बांधला. तो माझ्यापेक्षा कमी बोलतो, एवढाच फरक. दिमाखात निघालो. दहा वल्ही मारली, डावीकडे वळायचं म्हणून डावा अंगठा दाबला आणि होडी उजवीकडे निघाली. आणखी दाबला, आणखी उजवीकडे! सरळ लव्हाळ्यात शिरलो. मास्तर, मी दोऱ्या उलट्या बांधल्या होत्या. डावीची उजव्या कडीला, उजवीची डाव्या कडीला. आयुष्यभर खाली जायचं बटण दाबल्यावर लिफ्ट खालीच जाते की नाही हे तपासत आलेला माणूस! बेकरीवाला तोंड फिरवून उभा होता. कन्या मात्र दगडावर दुमडून, पोट धरून हसत होती. तिचं ते हसणं मी विसरूनच गेलो होतो. मी लव्हाळ्यात बसून ते ऐकत राहिलो, बाहेर यायची घाई केली नाही.

काठावर येऊन गाठी सोडल्या आणि अदलाबदल केली. तारेला पक्कड आणि टोकांना बसवायची नवी टोपणं लागली असती. दोरीच्या गाठी हाताने पाच मिनिटांत झाल्या. पुन्हा निघालो. आडवा वारा होताच. पण या वेळी टाच रोवली, अंगठा जरासा टेकवला आणि होडी रेघ मारल्यासारखी पलीकडच्या बंद पंपघराकडे सरळ गेली. लटलट नाही, करकर नाही. वळवून आणली, आठाचा आकडा काढला, उलट्या वाऱ्यातही फिरवली. गळ टाकला नाही, न्यायचाच विसरलो होतो. परत आल्यावर बेकरीवाल्याने पाकीट काढलं, तेव्हा मी त्याला नाही म्हटलं. तो जरा हिरमुसला. मग म्हणाला, "विकायची नव्हती तर टेम्पो कशाला आणायला लावलात?" त्याला पहिल्या मोठ्या माशाचं वचन दिलंय. आधी मासा लागू दे.

आता हे पत्र कशासाठी, ते. तुम्हा दोघांना पुन्हा एकत्र आणायला मी लिहीत नाही. ते तुमचं तुम्ही नीट मिटवलंत, आम्हा मोठ्यांपेक्षा शहाणपणाने. इथपर्यंतचं कन्येला वाचायला दिलं तेव्हा तिने एक शब्द बदलला आणि म्हणाली, पाठवा. मी लिहितोय ते त्या दिवसासाठी, जेव्हा तू तिच्या पुस्तकांचं खोकं आणि माझी दुरुस्त करून आणलेली जाळी घेऊन दारात आला होतास. हिने आत चहाचं आधण ठेवलं होतं. मी तुला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. म्हणालो, "तुमच्यासारख्या माणसाबरोबर पाण्यात गेलो, याची मला लाज वाटते." शेजाऱ्यांची दारं उघडी होती, तरी म्हणालो. एका वाक्यात तुला सगळं खरं सांगता आलं असतं. तू खोकं खाली ठेवलंस, जाळी त्याला टेकवून उभी केलीस आणि वळलास. पाच वर्षं या घरातून निघताना दर वेळी तू 'येतो, अप्पा' म्हणायचास. त्या दिवशी 'जातो' म्हणालास. तो शब्द मला तेव्हाच टोचला होता, पण मी दार लावून घेतलं. मास्तर, माझं चुकलं. ते वाक्य मी परत घेतो, आणि तूही तुझा शब्द परत घ्यावास अशी विनंती आहे. उद्यापासून दर रविवारी सकाळी सहाला मी तळ्याच्या धक्क्यावर असेन. नाही जमलं तर राग नाही, कॅन आहे सोबतीला. पण एखाद्या रविवारी आलास, तर दुपारी घरी चहा घेऊनच निघ, आणि निघताना दारात 'येतो' म्हण.

तुझाच,
अप्पा